हाकेला आलेला कोंबडा

सिंगापूरला ऋतू नाहीत, असं इथे येणारा प्रत्येक मराठी माणूस पहिल्याच आठवड्यात घरी फोन करून सांगतो. मीही सांगितलं होतं. पंधरा वर्षं राहिल्यावर आता सांगत नाही. मार्च सरता सरता इथे पाऊस दोन-तीन आठवडे दडी मारतो, मैदानातलं गवत पिवळं पडतं, आणि मग एखादी सणसणीत सर येऊन गेली की रस्त्याकडेची झाडं गुलाबी-पांढऱ्या फुलांनी भरून जातात. चार दिवसांत सगळी फुलं खाली. झाडूवाला ती गोळा करून काळ्या पिशव्यांत भरतो. आमच्या सेंगकांगच्या दहाव्या मजल्यावर आम्ही कपडे वाळत घालायच्या बांबूला वृंदाची जरीची साडी नेसवून गुढी उभी करतो, आणि शेजारच्या चिनी आजीबाई दरवर्षी न चुकता विचारतात, "कप अपसाइड डाउन, व्हाय आह?" दरवर्षी मी वेगळं कारण सांगतो. त्यांना दरवर्षी ते पटतं.

त्याच दिवसांत कोकीळ सुरू होतो. इथल्या लोकांना त्याचा भयंकर राग. आमच्या इमारतीच्या, म्हणजे ब्लॉकच्या, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणी त्याच्याविरुद्ध लिहिलं की मी तावातावाने त्याची बाजू घेतो. आमच्याकडे याच्यावर किती कविता आहेत, तुम्ही कान बंद करून घेतलेत, वगैरे वगैरे. मला पक्षीप्रेमी समजतात ग्रुपवर.

यंदा पाडव्यानंतर चौथ्या दिवशी, कोकीळ गप्प असताना, खालच्या रानातून कोंबडा आरवला. मी स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवत होतो. वृंदा आतून म्हणाली, "अहो, आला बघा तुमचा कोंबडा परत! पासिर रिसहून चालत आला की काय?"

"तो नाही. दुसरा असेल," मी म्हणालो.

"कशावरून?"

आवाजावरून, असं काहीतरी मी सांगितलं आणि गॅस मोठा केला. तो कोंबडा परत येणार नाही हे मला माहीत होतं. वृंदाला माहीत नव्हतं. प्रल्हादला तर नाहीच नाही.

ही गोष्ट दोन हजार तेराच्या चैत्रातली.

आमचा ब्लॉक आणि एलआरटी या छोट्या रेल्वेचा उंच पूल यांच्यामध्ये तेव्हा एक मोकळा तुकडा होता, अजून थोडा उरला आहे. कमरेएवढं गवत, केळीचं एक बेट, कुठल्या तरी जुन्या वाडीतली उरलेली दोन फणसाची झाडं. त्या तुकड्यात एक कोंबडा राहायचा. पाळलेला नव्हे, रानातलाच. मानेवर तांबूस सोनेरी पिसं, शेपूट काळं हिरवं, उन्हात आलं की निळं. देखणा होता, हे मी आज कबूल करतो. तेव्हा मला फक्त त्याचा आवाज दिसत होता.

त्या वर्षी माझी नोकरी डळमळत होती. वरचा साहेब नवा आला होता, माझ्या विभागातली दोन माणसं गेली होती, आणि पुढचा नंबर कोणाचा हे सगळ्यांना माहीत आहे आणि मला नाही, अशा नजरेने लोक माझ्याकडे बघत होते. साडेआठची मीटिंग रोजची. झोप पार उडाली होती. कोंबड्यामुळे उडाली, असं मी घरीदारी सांगत असे. खरं म्हणजे तो आरवायच्या आधीच मी जागा असायचो आणि तो कधी आरवतो याची वाट बघत पडून राहायचो. आरवला की बरं वाटायचं. रागवायला कोणीतरी हवं होतं, आणि साहेबावर रागावता येत नव्हतं.

मी इस्टेटच्या ऑफिसात तक्रार केली. एक नव्हे, चार. शेवटी उत्तर आलं की गुरुवारी कंत्राटदाराची माणसं येऊन पक्षी घेऊन जातील.

आणि तो विजय मी रविवारी जेवताना प्रल्हादला सांगितला.

प्रल्हाद माझ्याहून आठ वर्षांनी लहान. गडचिरोलीच्या बाजूचा, अगदी जंगलाला लागून असलेल्या गावचा. नागपूरला इंजिनियर झाला, आणि एका सॉफ्टवेअर कंपनीच्या नोकरीवर इथे आला तेव्हा पहिला महिना आमच्या मागच्या खोलीत राहिला. तेव्हापासून रविवारचं जेवण आमच्याकडे. वृंदाने त्याला भाऊ मानलेला, आणि तो मला मोठा भाऊ मानूनही सरळ नावाने हाक मारायचा. आई-वडील लवकर गेलेले. त्याला आजाने वाढवलं. आजा गावचा नामी पारधी. कायदे आले तसे फासे आणि जाळी सुटली, पण तोंडाने पाखरांचा आवाज काढायची विद्या त्याने नातवाला दिली. आमच्या दिवाणखान्यात बसून प्रल्हाद तित्तिराचा आवाज काढायचा तेव्हा माझी मुलगी सोफ्याखाली वाकून बघायची.

"घेऊन जातात म्हणजे काय करतात?" त्याने विचारलं.

"घेऊन जातात. मला काय माहीत."

"मारतात ना बे. सरळ सांग ना."

मी आमटी वाढून घेतली. तो जेवायचा थांबला होता.

"आपण धरू त्याले," तो म्हणाला. "गुरुवारच्या आधी. अन् दूर नेऊन सोडू. पासिर रिसला खाडीपाशी अशे लय कोंबडे आहेत, मी पाह्यले. तुही झोप बी वाचंल, त्याचा जीव बी वाचंल."

"तो काय हाक मारल्यावर येणार आहे?"

"येईन," प्रल्हाद म्हणाला. पण म्हणताना तो खुशीत नव्हता. मग त्याने आजाचा नियम सांगितला. कोंबडीचा आवाज काढून कोंबडा बोलवायचे दिवस चैत्र-वैशाखाचेच, कारण तेव्हाच तो भान हरपून येतो. म्हणूनच त्या दिवसांत बोलवायचा तो फक्त बघायला. जंगलात यंदा किती आहेत, कोण म्हातारा झाला, कोण नवा आहे. बघायचा आणि जाऊ द्यायचा. शोधून धरावा, मागे धावून धरावा, तो त्याचा न् आपला सामना. पण हाकेला आलेल्याला हात लावायचा नाही.

"मग?"

"मग काय? तिकडच्या जंगलात सोडला तर नियम मोडला नाही, असं मी धरतो. पण सोडलाच पाह्यजे, सुहास. हे मस्करीत नको घेऊ. मी आजाले काय सांगू नाही तर?"

"अरे, सोडू की," मी म्हणालो. इतकं सहज म्हणालो की त्यावर विश्वास न ठेवायला त्याला जागाच नव्हती.

असं पाखरू धरणं कायद्यात बसतं का, हे आम्ही कोणालाही विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं. मी पर्मनंट रेसिडेंट, मला फार तर दंड. त्याचा नुसता एम्प्लॉयमेंट पास. कोणी धरलं असतं तर त्याची नोकरी, इथलं राहणं, सगळंच गेलं असतं. हे त्याला माहीत होतं आणि मला त्या वेळी सुचलंसुद्धा नाही.

बुधवारी सकाळी साडेसहाला आम्ही खाली उतरलो. इथे सूर्य सातनंतर उगवतो, त्यामुळे अंधारच होता. रात्री पाऊस झाला होता, गवत ओलं, पँट गुडघ्यापर्यंत भिजली. माझ्या हातात घरची सोलापुरी चादर, प्रल्हादच्या हातात राइस कुकरचा खोका, पेनाने भोकं पाडलेला. केळीच्या बेटामागे आम्ही उकिडवे बसलो. डास सोलून काढत होते. मी एक मारला तर प्रल्हादने माझं मनगट धरलं. ऑफिसातला, दिवाणखान्यातला प्रल्हाद तो नव्हताच. दोन वर्षांत मी त्याला इतका शांत कधी पाहिला नव्हता.

मग त्याने दोन्ही तळवे तोंडाशी धरले आणि आवाज काढला. अगदी हलका. कुक्‌, कुक्‌, आणि मग एक लांबवलेला, लाडात आलेला सूर. मीसुद्धा वळून बघितलं, कोंबडी कुठे आहे म्हणून.

पलीकडून कोंबडा आरवला. रोजचाच आवाज, पण आज तो कोणाला तरी उत्तर देत होता. प्रल्हाद थांबला. किती थांबला! मला वाटलं संपलं. मग पुन्हा एकदा, पहिल्यापेक्षाही हळू. उत्तर जवळून आलं. एलआरटीची एक गाडी डोक्यावरून गेली, तिच्या खिडक्यांचा उजेड गवतावरून सरकला, आणि त्या उजेडात मला तो दिसला. मान ताठ, पिसं फुगवलेली, एक पंख जमिनीला टेकवून तो गोल गोल येत होता. नवरदेव कसा दारात येतो, तसा. कोणीतरी आपल्याला बोलावलं आहे याची त्याला बालंबाल खात्री होती.

दोन हातांवर आला तेव्हा प्रल्हादने डोळ्याने खूण केली आणि मी चादर टाकली.

मला झालेला आनंद मी लपवत नाही. मी चक्क ओरडलो. चाळिशी उलटलेला, चष्मा लावणारा माणूस, ओल्या गवतात चादरीवर आडवा पडून हसत होता. कित्येक महिन्यांत माझ्या मनासारखी झालेली ती पहिली गोष्ट होती. चादरीखाली धडपड झाली आणि मग सगळं एकदम थंड. प्रल्हादने मला बाजूला सारलं, चादरीसकट कोंबडा उचलून छातीशी धरला, आणि त्याच्याशी बोलायला लागला. "भेऊ नको, बापा. भेऊ नको. घरीच नेऊन राहिलो तुले." त्याचे डोळे भरले होते. मी हसायचा थांबलो.

"पाय पाह्य याचे," तो म्हणाला. "लय म्हातारा आहे हा. तरी आला."

सव्वासात झाले. प्रल्हादला आठला शहराच्या पार दुसऱ्या टोकाला क्लायंटकडे हजर राहायचं होतं, ते टाळता येण्यासारखं नव्हतं. पासिर रिसला टॅक्सीने वीस मिनिटं. मी जाऊन, सोडून, तिथूनच ऑफिसला जायचं असं आमचं आधीच ठरलं होतं. खोका त्याने स्वतः माझ्या हातात दिला. खाली हात लावून दिला, तान्हं मूल देतात तसा.

पहिला टॅक्सीवाला थांबला. काच खाली करून म्हणाला, "अंकल, इन्साइड व्हॉट?"

"चिकन."

"कुक्ड?"

याचं उत्तर खोक्यानेच दिलं. "आयो! लाइव्ह वन कॅनॉट, लाह!" आणि टॅक्सी गेली. दुसऱ्याला मी भांडी आहेत म्हणालो. भांडी ओरडली. तिसरी टॅक्सी आलीच नाही. पावणेआठ वाजले. साडेआठच्या मीटिंगला त्या दिवशी नवा साहेब माझ्या विभागाबद्दल बोलणार होता. मी खोका घेऊन पुन्हा ब्लॉकच्या खाली आलो, घामाने निथळत, आणि तिथे कंत्राटदाराची दोन माणसं उभी होती. हातात जाळं. गुरुवारऐवजी बुधवारी आली होती.

एकाने खोक्याकडे बघितलं. "वाह अंकल, यू कॅच ऑलरेडी?"

खोका वर घरी नेता आला असता. वृंदाने संध्याकाळपर्यंत बाल्कनीत ठेवला असता, तांदूळ घातले असते, पाणी ठेवलं असतं. हे मला घाईत सुचलं नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. सुचलं होतं. लिफ्टचं बटणही मी दाबलं होतं. लिफ्ट दहाव्या मजल्यावर होती, आणि तिची वाट बघायचा मला कंटाळा आला. इतकंच. यापेक्षा मोठं कारण माझ्यापाशी नाही.

मी खोका दिला. "तुम्ही याला कुठे नेणार?" असं इंग्रजीत विचारलंही.

"डोंट वरी," तो माणूस म्हणाला. "वी सेटल."

मी मीटिंगला वेळेत पोचलो. साहेबाने माझ्या विभागाचा विषयच काढला नाही.

दुपारी प्रल्हादचा मेसेज आला. "सोडला?"

मी लिहिलं, "हो." एवढं लिहून थांबायला हवं होतं. पण नुसतं 'हो' मलाच उघडं-बोडकं वाटलं, म्हणून आणखी लिहिलं. "खोका उघडताच झुडपात पळाला. मागे वळून बघितलं नाही पठ्ठ्याने."

खोटं मी काही पहिल्यांदा बोलत नव्हतो. पण त्या दिवसापर्यंत माझं खोटं बोलून झालं की संपत असे. याला मात्र वाढच लागली. त्या शनिवारी आम्ही सगळे ईस्ट कोस्टला गेलो होतो. वृंदा आणि मुलगी सायकली भाड्याने घ्यायला गेल्या, आणि आम्ही दोघं हॉकर सेंटरच्या, म्हणजे खाण्याच्या ठेल्यांच्या मंडपातल्या, बाकावर उसाचा रस घेऊन बसलो. समुद्रावर जहाजं ओळीने उभी होती. प्रल्हाद म्हणाला, "आजाले फोन केला होता. सगळं सांगितलं. रागावला पह्यले. चैतात बोलावला म्हणून लय बोलला."

"मग?"

"मग मी म्हटलं, सोडला, खाडीपाशी, त्याच्याच जातवाल्यांत. तर आजानं पुन्हा सगळं सांगायले लावलं. मग म्हणे, घरी पोचवला ना? मग झालं पोरा. तुह्यावर काही नाही." प्रल्हाद हसला. आठवड्याभरात पहिल्यांदा हसला. "मले तर रात्री झोप नव्हती रे, सुहास. आता बरं वाटून राह्यलं."

तीच वेळ होती. बाकावर तिसरं कोणी नव्हतं. मी ग्लास खाली ठेवला, तोंड उघडलं, आणि म्हणालो, "तिथे एक कोंबडीही होती. हा गेला त्याच बाजूला."

त्याचा चेहरा असा उजळला की मला माझीच भीती वाटली.

आजा त्या वर्षीच्या पावसाळ्यात गेला. प्रल्हाद गावी जाऊन आला, आणखी दोन वर्षं राहिला, मग नागपूरला नोकरी मिळाली तसा परत गेला. फोन येत राहिले. माझी नोकरी टिकली, बढतीही मिळाली. त्या चैत्रातली भीती कशाची होती हे आता आठवावं लागतं. खोका हातातून गेला तेव्हाचं ते हलकं होणं मात्र हातांना अजून आठवतं. इतक्या वर्षांत प्रल्हादला आमच्या घरी किंवा फोनवर कोणी आवाज काढायला सांगितलं, तर तो हसून टाळायचा. "सुटलं ते," म्हणायचा. माझी मुलगी हिरमुसायची. माझ्यासाठी त्याने एकदाच मोडला तो नियम, आणि पुन्हा मोडायची वेळच येऊ नये म्हणून आवाजच टाकून दिला.

यंदा कोंबडा आरवला त्याच आठवड्यात त्याचा मेसेज आला. कंपनीच्या कामाने दोन दिवस येतोय. "शनिवारी सकाळी मले तिथं ने." कुठे, ते लिहायची त्याला गरज वाटली नव्हती.

या वेळी सांगायचंच, असं मी ठरवलं. दाढी करताना आरशासमोर वाक्यं तयार केली. 'प्रल्हाद, तुला एक सांगायचं राहिलं आहे.' मग ते बदलून 'मी तुझा विश्वासघात केला' असं केलं. ते फार नाटकी वाटलं, पण खरं होतं, म्हणून तेच ठेवलं. एमआरटीत तो माझ्या शेजारी बसला होता. टक्कल पडलंय, पोट सुटलंय, मुलाच्या शाळेचं सांगत होता. प्रत्येक स्टेशनला मी म्हणत होतो, पुढच्या स्टेशनला.

पासिर रिसला उतरून आम्ही खाडीकडे चालत गेलो. ओहोटी होती. खारफुटीच्या मुळांमधून चिखलाचा तो जडसर वास येत होता. कोंबड्यांना तिथे तोटा नाही. वाटेवरच फिरत होत्या, पिल्लं घेऊन, माणसांना न भिता. प्रल्हाद प्रत्येक कोंबड्यापाशी थांबायचा, वाकून मानेची पिसं बघायचा.

"याच्यातले काही त्याचेच असतीन," तो म्हणाला.

"प्रल्हाद," मी म्हणालो.

"नेमका कुठं सोडला होता बे?"

तो माझ्याकडे बघत होता. इतक्या वर्षांचा प्रवास करून आलेल्या माणसाचा चेहरा होता तो. माझा हात वर झाला, आणि मी खाडीवरच्या पुलाच्या पलीकडच्या एका झुडपाकडे बोट दाखवलं. कुठलंही झुडूप. लाल फुलं होती म्हणून ते दिसलं. "तिथे," मी म्हणालो.

तो गेला. बूट काढले, मोजे काढून बुटांत नीट ठेवले, आणि त्या झुडपाला हात जोडून उभा राहिला. ओठ हलत होते. मी मागे उभा राहिलो. मग तो वळला, अनवाणीच माझ्याजवळ आला.

"एक राह्यलं होतं," तो म्हणाला. "तेव्हा लाज वाटली, म्हणून बोललो नाही. आजानं जायच्या आधी सांगितलं होतं. ज्यानं तो कोंबडा घरी पोचवला, त्याच्या पाया पड म्हणे माह्या नावानं. त्यानं आपल्या घराण्याची लाज राखली."

आणि मी काही बोलायच्या आत तो खाली वाकला.

बाजूने एक बाई जॉगिंग करत येत होती. ती थबकली आणि आम्हाला वळसा घालून गेली. मला पाय मागे घेता आले असते. मी घेतले नाहीत. लहानपणापासूनची सवय, माझा हात आपोआप त्याच्या डोक्यावर गेला, आणि मी म्हणालो, "सुखी राहा."